शिफ्टवर जाणाऱ्या आईसाठी पाळणाघर : टिळकवाडीतील एका पाळणाघराचा अभिप्राय

बेळगावात पाळणाघरे आता पुष्कळ झाली आहेत. टिळकवाडी, हिंदवाडी, शहापूर, अनगोळ, वडगाव, कुठेही चौकशी केली तरी दोन-तीन पत्ते हमखास मिळतात. परंतु त्यांपैकी बहुतेकांचे वेळापत्रक बँकेतील किंवा शाळेतील नोकरी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असते. सकाळी नऊच्या सुमारास दार उघडते, सायंकाळी सहाला बंद होते. नर्सची ड्युटी या वेळात बसत नाही. आमच्या रुग्णालयात सकाळची पाळी आठ ते दोन, दुपारची दोन ते आठ आणि रात्रीची आठ ते सकाळी आठ अशी असते, आणि पाळी सुरू होण्यापूर्वी व संपल्यानंतर हँडओव्हरचा, म्हणजे पुढच्या पाळीला रुग्णांची माहिती सोपवण्याचा, वेळ वेगळा धरावा लागतो. म्हणून टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडे असलेल्या, सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत चालणाऱ्या एका घरगुती पाळणाघराविषयी सविस्तर लिहीत आहे. चालक बाईंच्या (त्यांना आम्ही काकू म्हणतो) विनंतीवरून पाळणाघराचे नाव देत नाही. जागा थोड्या आहेत आणि आत लहान मुले असतात, त्यामुळे त्यांची ही विनंती मला योग्य वाटते. ज्यांना गरज आहे त्यांना त्या भागात विचारल्यास घर सापडेल.

मी एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात स्टाफ नर्स आहे. यजमान उद्यमबागेत एका फाउंड्रीत नोकरीला आहेत. सासूबाई खानापूर तालुक्यातील गावी असतात, शेती आणि जनावरे सोडून त्यांना इकडे येऊन राहणे शक्य नाही. आमची मुलगी पाच महिन्यांची होण्याआधीपासून पाळणाघरात आहे आणि आता तिने दोन वर्षे पूर्ण केली आहेत. सुरुवातीचा काही काळ ती दुसऱ्या ठिकाणी होती, नंतर येथे आली. त्यामुळे दोन्हींतील फरक मला जवळून पाहता आला.

मूल पाच महिन्यांचेही नसताना पाळणाघरात का, असे अनेकांनी विचारले, म्हणून त्याचा हिशेब सांगते. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. ही रजा प्रसूतीपूर्वी जास्तीत जास्त आठ आठवडे घेता येते, मात्र ती त्याच २६ आठवड्यांतून वजा होते. दिवसभर उभ्याने काम करणारी, रुग्णाला कुशीवर वळवणारी, स्ट्रेचर ओढणारी नर्स गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत कामावर टिकू शकत नाही आणि रजा लवकर सुरू करते. मग बाळंतपणानंतर हातात चार-पाच महिने उरतात. जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे असे सांगते. वॉर्डात येणाऱ्या प्रत्येक बाळंतिणीला आपण हेच समजावून सांगतो, आणि स्वतः मात्र त्या सहा महिन्यांच्या आत ड्युटीवर हजर होतो. नर्स आयांच्या अपराधी भावनेचे मूळ पुष्कळदा येथे असते. तिचे मन कमकुवत असते म्हणून नव्हे, तर ती जे इतरांना शिकवते ते तिच्या स्वतःच्या वेळापत्रकात बसत नाही म्हणून.

याच दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. हा नियम मोलाचा आहे. परंतु माझ्या ओळखीच्या बहुतेक नर्सना अशी सोय प्रत्यक्षात मिळालेली नाही, आणि जिथे ती आहे तिथेही चार वेळा जाणे मनुष्यबळावर अवलंबून राहते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक नर्स हवी. व्हेंटिलेटरवरचे दोन किंवा तीन रुग्ण एकटीकडे असतील, तर बदली नर्स आल्याशिवाय खाटेपासून हलता येत नाही. ग्रामीण भागात कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींमार्फत ‘कूसिन मने’ ही पाळणाघरे सुरू केली आहेत, परंतु त्यांचा रोख मुख्यतः रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या स्त्रियांच्या मुलांवर आहे. शहरातील शिफ्टच्या नोकरीला खासगी पाळणाघराशिवाय पर्याय नाही, म्हणूनच त्याची निवड डोळ्यांत तेल घालून करावी लागते.

या पाळणाघराची पहिली जमेची बाजू म्हणजे दूध सांभाळण्याची पद्धत. मुलगी लहान असताना मी काढलेले दूध बर्फाच्या पिशवीत ठेवून नेत असे. बाटली हातात आली की काकू तिच्यावर चिकटपट्टी लावून नाव, तारीख आणि दूध काढल्याची वेळ लिहून घेत आणि बाटली फ्रिजच्या आतल्या बाजूला ठेवत, दारातील कप्प्यात नाही, कारण दार उघडझाप होताना तेथे तापमान बदलते. काढलेले दूध पंचवीस अंशांपर्यंतच्या तापमानात चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवसांपर्यंत टिकते. बेळगावची हवा थंड म्हणून कितीही नावाजलेली असली तरी एप्रिल-मे महिन्यांत घरात पंचवीस अंश राहत नाहीत, त्यामुळे बाहेर ठेवण्याचा प्रश्नच नसे. दूध गॅसवर उकळले जात नसे, कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवून ते कोमट होण्यापुरते गरम केले जाई. बाळाने अर्धवट सोडलेले दूध पुढच्या वेळेसाठी न ठेवता टाकून दिले जाई आणि तसे वहीत लिहिले जाई. टाकलेल्या दुधाची नोंद पाहून सुरुवातीला जीव कळवळायचा, कारण रुग्णालयात त्यासाठी वेगळी खोली नाही आणि चादरी ठेवण्याच्या खोलीत, दाराला पाठ लावून ते काढलेले असे. तरीही मला ही नोंद हवीच होती. नोंद प्रामाणिक असेल तरच उद्या किती दूध न्यायचे हे ठरवता येते.

ही वही म्हणजे या पाळणाघराचा प्राण आहे. प्रत्येक मुलाची शंभर पानी वही, तिच्यात निळ्या शाईने वेळ आणि घटना. आमच्या मुलीच्या वहीतील एका दिवसाच्या नोंदी अशा आहेत : ‘९.१० दूध १२० मिली. १० वाजता झोपली, ५० मिनिटे. १२.१५ वरणभात अर्धी वाटी, पुढे तोंड फिरवले. १.३० रडली, १० मिनिटे, मावशींनी कडेवर घेतले, थांबली.’ यात कौतुक नाही आणि तक्रारही नाही. वॉर्डात आम्ही रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहून पुढच्या पाळीच्या सिस्टरला जसा हँडओव्हर देतो, तसाच हा हँडओव्हर आहे, आणि त्यामुळेच मला त्याचा आधार वाटतो. काय झाले, किती वेळ झाले आणि त्यावर काय केले, एवढे कळले की आईचे मन उरलेल्या जागा भीतीने भरत नाही.

आधीच्या ठिकाणी याच्या नेमके उलट घडत असे. मी दारात पोहोचताच ‘आज फार रडली हो, सारखी तुमच्या नावाने टाहो फोडत होती’ असे सांगितले जाई. किती वेळ रडली, कधी रडली, कशाने थांबली, याचे उत्तर मात्र कोणाकडे नसे. वरून ‘एवढ्या लहान लेकराला ठेवून जाणे जिवावर येत असेल ना’ असा प्रश्न. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही, पण बारा-चौदा खाटांचा विभाग सांभाळून आलेल्या बाईच्या काळजाला अशा वाक्याने घरे पडतात. आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास मुलांना आईपासून दूर होण्याची भीती वाटू लागते आणि ती पुढे दीड वर्षापर्यंत वाढतही जाते. हे वाढीचे लक्षण आहे, दुर्लक्षाचे नव्हे. पाळणाघर चालवणाऱ्या व्यक्तीला हे ठाऊक असावे, अशी माझी स्पष्ट अपेक्षा आहे. येथील काकूंनी अंगणवाडीत काम केलेले असल्यामुळे त्यांना ते ठाऊक आहे. त्या कोणत्याही आईला मुलाची नजर चुकवून जाऊ देत नाहीत. ‘जाते, आणि अंधार पडल्यावर येते’ असे मुलाला सांगूनच निघावे लागते. त्या वेळी मूल रडते, आईचा पाय निघत नाही, परंतु आई कधी नाहीशी होईल या धास्तीने दिवसभर दाराकडे पाहत बसण्याची पाळी मुलावर येत नाही.

येथे कॅमेरे नाहीत. आजकाल अनेक पाळणाघरे मोबाइलवर दिवसभर थेट चित्र दाखवतात आणि त्यासाठी वेगळे पैसेही घेतात. काही पालकांना ही उणीव वाटेल. माझे मत निराळे आहे. अतिदक्षता विभागात मोबाइल हातात घेता येत नाही आणि घेऊही नये. सहा तासांनंतर कपडे बदलताना घाईने उघडलेल्या चित्रात मूल कोपऱ्यात एकटे बसलेले दिसले, तर त्याआधी आणि त्यानंतर काय झाले हे न कळता घरी पोहोचेपर्यंत मन पोखरत राहते. वही वाचणे आणि प्रत्यक्ष प्रश्न विचारणे मला अधिक भरवशाचे वाटते. मात्र जे पालक केवळ कॅमेऱ्याच्या आधारे निश्चिंत होतात, त्यांनी हे ठिकाण निवडू नये.

प्रवेशाच्या अर्जात आई आणि वडील या दोघांचे क्रमांक घेतात आणि निकडीच्या वेळी आधी कोणाला फोन करायचा हे लिहून द्यावे लागते. आम्ही वडिलांचा क्रमांक पहिला लिहिला, कारण कारखान्यातून अर्ध्या तासासाठी बाहेर पडणे त्यांना शक्य होते आणि मला नव्हते. काकू खरोखरच त्यांना फोन करतात. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात यजमानच मुलीला घेऊन जातात, आणि ‘आज आई का आली नाही’ असे येथे त्यांना कोणी विचारत नाही. लहानशी वाटणारी ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवते आहे. नातेवाइकांत, शेजारात, कधी कधी तर रुग्णांच्या नातलगांकडूनही ‘परक्यांची सेवा करता आणि लेकरू परक्यांच्या हाती देता’ असे आम्हाला ऐकवले जाते. फाउंड्रीत रात्रपाळी करणाऱ्या बापाला हा प्रश्न कोणी विचारल्याचे मला तरी आठवत नाही. आई-बापाच्या कष्टाला अशी दोन मापे न लावणारी जागा मिळणे ही आमच्यासाठी मोठी गोष्ट आहे.

दारातून आत गेल्यावर डाव्या हाताला नळ, साबण आणि एक बाकडे आहे, शेजारी पडदा लावलेली कपडे बदलण्याची जागा आहे. रुग्णालयातून आलेल्या पालकाने हात कोपरापर्यंत धुऊन आणि गणवेश बदलूनच मुलाला घ्यावे, असा नियम येथील नर्स आयांनीच सुचवला आणि काकूंनी तो सर्वांना लावला. दारात धावत आलेल्या मुलीला दोन मिनिटे थांब म्हणणे कठीण जाते. पण विभागातील जंतू अंगावर घेऊन तिला उचलल्याची धाकधूक त्याहून वाईट असते, आणि नळ दारातच असल्याने ती राहत नाही.

औषधांच्या बाबतीत येथील शिस्त वाखाणण्यासारखी आहे. पालकाने वहीत औषधाचे नाव, बाटलीवरील मात्रा, किती मिली आणि किती वाजता हे सहीसह लिहून दिल्याशिवाय एक थेंबही दिला जात नाही. पॅरासिटामॉलचे सिरप ५ मिलीत १२० मिलिग्रॅमचे असते तसेच २५० मिलिग्रॅमचेही असते, आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतात. ‘तापाचे औषध पाच मिली द्या’ एवढ्या तोंडी निरोपावर थेंबांच्या बाटलीतून पाच मिली गेले तर लहान मुलाला चौपट औषध पोहोचेल. म्हणून हा नियम कितीही जाचक वाटला तरी पालकांनी त्यावर हुज्जत घालू नये.

खाणे साधे आणि ताजे असते. मऊ भात, मुगाचे वरण, नाचणीची आंबील, दुधात कुस्करलेली भाकरी, केळे, उकडलेला बटाटा. दुपारच्या मावशी बैलहोंगलकडच्या असून त्या मुलांशी कन्नडमध्ये बोलतात, काकू मराठीत. मुले दोन्ही सहज उचलतात, आणि बेळगावात वाढणाऱ्या मुलाला याचा उपयोगच आहे.

आता उणिवा. सर्वांत मोठी म्हणजे रात्रीची सोय नाही. महिन्यातील एक आठवडा रात्रपाळीचा येतो आणि त्या वेळी यजमानांचीही रात्रपाळी असेल, तर मुलीला खानापूरला सासूबाईंकडे नेऊन ठेवावे लागते. ‘शक्ती’ योजनेमुळे जून २०२३ पासून स्त्रियांना राज्य परिवहनच्या साध्या बसमध्ये तिकीट पडत नाही, हा त्यातल्या त्यात दिलासा आहे. पण रात्रभर जागून सकाळी हँडओव्हर दिल्यावर बसमध्ये बसून मुलीला भेटायला जायचे आणि दुपारी परत येऊन झोपायचे, हे शरीराला झेपत नाही. काकूंचा नकार मला मान्य आहे. दोन मावश्यांच्या बळावर रात्री मुले सांभाळणे सुरक्षित ठरणार नाही. ही जबाबदारी मुळात चोवीस तास चालणाऱ्या रुग्णालयांची आहे. तरीही पाळणाघर निवडताना पालकांनी ही अडचण आधीच हिशेबात धरावी.

दुसरी अडचण आजारपणाची. ताप आलेले मूल येथे घेत नाहीत आणि ताप उतरून पूर्ण दिवस गेल्याशिवाय परत येऊ देत नाहीत. तोंडात आणि तळहातावर फोड येणारा आजार पसरला, तेव्हा हा नियम किती आवश्यक आहे हे सर्वांना पटले. परंतु सर्वांत तीव्र अपराधी भावना नेमकी याच दिवशी येते. विभागात माणसे कमी असतात, आयत्या वेळी रजा मागणे म्हणजे सहकारी सिस्टरला सलग दोन पाळ्या करायला लावणे असते, आणि रजा न घ्यावी तर दुसऱ्याच्या तापाची नोंद चार्टवर करताना घरी तापलेल्या मुलीच्या कपाळावर कोणाचा हात आहे, हा विचार सुटत नाही. या अडचणीवर पाळणाघराकडे उपाय नाही आणि असूही शकत नाही. काकू एवढे मात्र करतात, की सकाळी दारात मूल परत पाठवताना आईला दोष लागेल असे काहीही बोलत नाहीत आणि रात्री फोन करून ताप उतरला का हे विचारतात.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टी सुधाराव्या लागल्या. मोठ्या मुलांना चार वाजता दिल्या जाणाऱ्या चिवड्यात अख्खे शेंगदाणे असत आणि लहान मुले त्याच खोलीत रांगत असत. अख्खा शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत सहज अडकतो. ही बाब लक्षात आणून दिल्यावर काकूंनी शेंगदाणे त्याच आठवड्यात बंद केले. गळ्यात काही अडकल्यास काय करावे याचे प्रशिक्षण येथे कोणालाच नव्हते. मी आणि माझ्या एका सहकारी सिस्टरने मिळून बाहुलीवर ते दाखवले : वर्षाच्या आतील बाळाला डोके खाली करून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब. दोन्ही मावश्यांनी ते पुन्हा पुन्हा करून पाहिले. वरच्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्याला मात्र अजूनही फाटक नाही, केवळ आडवे बाकडे लावलेले असते. हे तातडीने बदलले पाहिजे, आणि मी ते काकूंना स्पष्ट सांगितले आहे. पावसाळ्यात मागच्या खोलीच्या भिंतीला ओल येते, त्या दिवसांत ज्यांच्या मुलांना दम्याचा त्रास आहे त्यांनी मुलाला पुढच्या खोलीत झोपवण्याची विनंती करावी.

शुल्क पूर्ण वेळेसाठी महिना साडेचार हजार रुपये आहे, अर्ध्या वेळेसाठी तीन हजार. सुरुवातीच्या पगाराच्या नर्सला हे जड जाते, पण चौदा तास चालणारी जागा आणि दोन पाळ्यांतील मावश्या पाहता ते अवाजवी नाही. उशिरासाठी पहिली पंधरा मिनिटे माफ आहेत, त्यापुढे पन्नास रुपये घेतात. पाळी संपता संपता रुग्णाची प्रकृती ढासळली किंवा रेल्वे गेट पडले, म्हणून उशीर झाला तरी पैसे द्यावेच लागतात, आणि ते मला रास्त वाटते, कारण मावशींनाही घरी जायचे असते. मोलाची गोष्ट ही, की पैसे घेतल्यावर विषय तेथेच संपतो. उशिराचे कारण विचारले जात नाही, नापसंतीची नजर नसते, मुलगी जेवून, तोंड पुसून, बूट घालून तयार असते.

रविवारी पाळणाघर बंद असते. अनंत चतुर्दशीला दुपारीच बंद होते, कारण विसर्जन मिरवणुकीमुळे रस्ते अडतात, आणि रुग्णालयात त्या रात्री गर्दी अधिक असते. ज्यांची त्या दिवशी ड्युटी लागते त्यांनी महिन्याचा ड्युटी चार्ट निघताच इन-चार्ज सिस्टरांशी बोलून अदलाबदल करून घ्यावी.

आठवड्यातून सहा दिवस सकाळ-दुपारच्या पाळ्या करणाऱ्या आणि रात्रपाळीसाठी घरचे कोणी असलेल्या नर्स, लॅब तंत्रज्ञ, पोलीस किंवा बस वाहक आयांना मी हे पाळणाघर निःशंकपणे सुचवीन. रात्रपाळीला घरात कोणीच नसेल, तर ते पुरे पडणार नाही. सहा महिन्यांखालील बाळे एका वेळी तीनच घेतात, म्हणून बाळंतपणाची रजा सुरू होतानाच काकूंना भेटून यावे, जमल्यास यजमानांना बरोबर न्यावे, आणि रुजू होण्याआधीचा आठवडा मुलाला रोज तास-दोन तास तेथे बसवून सवय लावावी. त्या आठवड्याचे पैसे त्या घेत नाहीत.